हरणाआधी कागद बघा: बरोक काळातलं शाईचं शिकारचित्र कसं वाचायचं

एखाद्या म्युझियमच्या संकेतस्थळावर असं चित्र उघडलं, की डोळा धावत सुटतो तो थेट हरणावर. मग कुत्री, मग घोडेस्वार, आणि दहा सेकंदांत आपण पुढच्या चित्रावर गेलेले असतो. माझंही कितीतरी वर्षं हेच व्हायचं. तैलचित्र बघायची सवय झालेल्या डोळ्याला हा तपकिरी रेघांचा पसारा फिका वाटतो, अर्धवट वाटतो. पुढे कधीतरी लक्षात आलं, की यातले बरेचसे कागद भिंतीवर लावायला काढलेलेच नव्हते. ते कारखान्यातले कागद होते. त्यावरून कुणी तांब्याचा पत्रा कोरणार होता, कुणी भिंतभर गालिचा विणणार होता, कुणी मोठं चित्र रंगवणार होतं. घर बांधायच्या आधी मिस्त्री नकाशा बघतो तसं यांच्याकडे बघितलं, की चित्र बोलायला लागतं.

बरोक काळ म्हणजे साधारण १६०० ते १७५०. आपण या दीडशे वर्षांतल्या, फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा उत्तर भाग), हॉलंड, इटली आणि जर्मन मुलखातल्या चित्रांबद्दल बोलतोय. खाली दिलेल्या क्रमानंच बघा असा माझा आग्रह आहे. हरीण मुद्दाम उशिरा ठेवलंय.

पहिली पायरी: कागद

चित्र जमेल तेवढं मोठं करा आणि जिथे काहीच काढलेलं नाही असा कोपरा शोधा. आकाश सहसा मोकळं असतं. तिथे फिकट समांतर रेषा दिसतील: एका दिशेला अगदी दाट आणि त्यांना काटकोनात, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, थोड्या ठळक. कागद ज्या साच्यातून उचलला त्याच्या तारांच्या या खुणा. लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या, जुन्या चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तारांच्या साच्यात उचलायचा, वाळवायचा. आपल्याकडे दफ्तरांत सापडणारा जुन्नरी कागदही हातचाच, फक्त आपला साचा गवताच्या काड्यांचा असायचा, त्यांचा धातूच्या तारांचा.

या रेषांचा उपयोग काय? बिनरेषांचा गुळगुळीत कागद युरोपात १७५० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाला. तेव्हा ‘१६२० चं चित्र’ म्हणून कुणी अशा गुळगुळीत कागदावरचं दाखवलं, तर नम्रपणे मान डोलवा आणि पाकीट खिशातच ठेवा.

कागद उजेडासमोर धरला तर जलचिन्हही दिसतं. ॲमस्टरडॅम शहराची ढाल, द्राक्षांचा घड, फुलदाणी असं काहीही. त्यातलंच एक म्हणजे घुंगरांची टोपी घातलेला विदूषक. इंग्रजीत त्या टोपीला ‘फूल्स कॅप’ म्हणतात. परीक्षेत पुरवणीला मागायचो तो फुलस्केप कागद याच टोपीचं नाव मिरवत आपल्यापर्यंत आला. संकेतस्थळावर जलचिन्ह सहसा दिसत नाही, पण माहितीच्या रकान्यात त्याची नोंद असते. ती वाचायची.

दुसरी पायरी: शाई

इथे जरा रेंगाळू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो.

आपल्याला ही चित्रं उबदार तपकिरी दिसतात आणि आपण म्हणतो, ‘काय जुन्या काळाचा रंग आहे!’ तो रंग बऱ्याचदा चित्रकाराचा नसतोच, काळाचा असतो. त्या काळची सगळ्यात वापरातली शाई लोहाची होती. ओक झाडावर किडीमुळे गाठी येतात. त्या कुटून भिजवायच्या, त्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालायचा, दाटपणासाठी डिंक. कागदावर उतरताना ती फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि शेकडो वर्षांनी तपकिरी. म्हणजे रानातली ती तांबूस सावली काढली तेव्हा काळीकुट्ट असण्याचीच शक्यता जास्त.

ओकच्या गाठी म्हणजे कुठली तरी परदेशी वस्तू असं वाटलं असेल, तर घरातल्या बाळगुटीच्या डबीत डोकवा. त्यातलं मायफळ म्हणजे तीच गाठ. मी काष्ठौषधीच्या दुकानात मायफळं मागितली तेव्हा दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, ‘बाळ केवढं आहे?’ शाई करायची आहे म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

ही शाई घरी करून बघाच. दहा लेख वाचून कळणार नाही ते एका रेघेत कळतं. ढोबळ प्रमाण तीन भाग मायफळ, दोन भाग हिराकस, एक भाग डिंक आणि तीस भाग पाणी. म्हणजे ३० ग्रॅम मायफळाला २० ग्रॅम हिराकस, १० ग्रॅम डिंक, ३०० मिली पाणी. मायफळ जाडसर कुटून काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस भिजवा. फडक्यातून गाळा. मग हिराकस घाला. पाणी बघता बघता काळपट जांभळं होतं. शेवटी डिंक विरघळवा. लोखंडाचं किंवा पितळेचं भांडं वापरू नका, फाउंटन पेनमध्ये तर ही शाई चुकूनही भरू नका, आणि उरलेला हिराकस बाळगुटीच्या डबीपासून लांब, लहान मुलांचा हात पोचणार नाही तिथे ठेवा. तो पोटात जाणं घातक आहे.

आता बोरू घ्या आणि एक फांदी काढा. रेघ आधी राखाडी, पाणचट. चहा टाकून परत या. तीच रेघ काळी झालेली असेल. चित्रकार पूर्ण काळोख न बघताच काळोख रंगवत होता, ही गोष्ट मला माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर कळली.

या शाईला एक खोड आहे. ती कागद खाते. जिथे जाड थर बसला, उदाहरणार्थ पुढच्या झाडाच्या बुंध्यात किंवा घोड्याच्या पोटाखाली, तिथे रेघेभोवती तपकिरी वलय येतं, कागद ठिसूळ होतो, कधी रेघ गळून तिथे चक्क भोक उरतं. चित्रात असं वलय किंवा भोक दिसलं तर ती नुकसानीची खूण आहे, आणि शाई कोणती होती याचा पुरावाही.

दुसरी शाई बिस्टर. बीच लाकडाच्या धुराड्यातली काजळी पाण्यात उकळून काढलेली, पारदर्शक, मधासारखी तपकिरी. ती रेघेपेक्षा कुंचल्यानं सावली भरायला जास्त वापरत. तिसरी आपल्या ओळखीची, काजळाची. ती काळी असते आणि काळीच राहते. नुसत्या डोळ्यांनी पहिल्या दोघींत फरक करणं आता तज्ज्ञांनाही जड जातं, म्हणून चांगली म्युझियमं ‘तपकिरी शाई’ एवढंच लिहितात. त्यांच्यापेक्षा जास्त ठाम बोलू नका. आणि ‘सेपिया’ हा शब्द जपून. ती माकूळ या समुद्री प्राण्याची शाई, आणि चित्रांसाठी तिचा वापर रुळला तो थेट अठराव्या शतकाच्या शेवटी. मी स्वतः एका लेखात सतराव्या शतकाच्या चित्राला ‘सेपिया’ म्हणून मोकळा झालो होतो. छापून आल्यावर आठवडाभर तो अंक कुणाला दाखवला नाही.

तिसरी पायरी: हात

आता एक कुत्रा निवडा. फक्त एक. पळणारा असेल तर उत्तम.

त्याच्या पाठीची रेघ मानेपासून पकडा आणि बोटानं मागे मागे जा. हंसाच्या पिसाची लेखणी दाबली की तिची चीर उघडते आणि रेघ जाड होते, सोडली की बारीक. खांद्यावर रेघ जाड, कमरेवर हलकी, मागच्या मांडीवर परत जोर, शेपटीला हात सुटलेला. पिसातली शाई संपत आली की चिरेचे दोन पाय वेगळे पडतात आणि एका रेघेच्या जागी दोन बारीक समांतर रेघा उमटतात. ते दिसलं की समजा, याच जागी त्यानं पीस परत दौतीत बुडवलं. पुढची रेघ गडद, ओली, टोकाला शाईचा ठिपका साचलेला. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा एक क्षण इतका उघडा पडलेला मला दुसऱ्या कुठल्या कलेत दिसत नाही.

शाईच्या खाली काळ्या खडूच्या पुसट खुणा शोधा. आधी खडूनं अंदाज घ्यायचा, मग शाई, ही नेहमीची रीत. शाईची रेघ खडूच्या रेघेवरून जात नसेल तर तिथे बेत बदललाय. म्हणूनच एखाद्या कुत्र्याला पाच पाय दिसतात.

सावलीच्या तिरक्या रेघांकडेही बघा. उजव्या हाताचा माणूस घाईत रेघाटतो तेव्हा त्या खालून डावीकडून वर उजवीकडे कलतात. अख्ख्या चित्रात त्या उलट्या कललेल्या असतील, तर चित्रकार डावखुरा होता किंवा हा मूळ चित्रावर ओला कागद दाबून घेतलेला उलटा ठसा आहे. दुसऱ्या बाबतीत रेघांमध्ये जीव कमी असतो, सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं.

हे चित्रच नसून छाप असेल का, हाही प्रश्न याच पायरीवर सोडवा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब चौकटीसारखा उमटलेला असतो. शिवाय छापातल्या रेघांचा काळेपणा सगळीकडे एकाच शाईचा. हातच्या चित्रात दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे गडद ठिपका पडतो.

चौथी पायरी: हा कागद कशासाठी होता?

चार खुणा सांगतो.

चित्रावर बारीक चौकटी आखलेल्या असतील, तर ते मोठं करायचं होतं. आपले होर्डिंग रंगवणारे जुने पेंटर हेच करायचे, लहान फोटोवर चौकटी आणि भिंतीवर मोठ्या चौकटी.

रेघांवरून बोथट सुईनं दाब दिल्याच्या खोलगट खुणा असतील, तर ते चित्र पत्र्यावर उतरवलं गेलं.

तिसरी खूण मला सगळ्यात मजेची वाटते. शिकारी भाला डाव्या हातानं फेकतोय, तलवार उजव्या कमरेला, सगळे स्वार डावखुरे. चित्रकाराची चूक नाही. पत्र्यावरून छापताना चित्र उलटतं, म्हणून त्यानं आधीच उलटं काढलं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा योहान एलियास रीडिंगर (१६९८–१७६७) आयुष्यभर शिकारीची चित्रं काढून छापत राहिला. त्याची छापासाठी केलेली रेखाटनं आणि छाप शेजारी ठेवले की आरशात बघितल्यासारखं होतं.

चौथी खूण म्हणजे सही, नीट आखलेली चौकट आणि कुठेच खाडाखोड नसणं. असं चित्र विकायलाच काढलेलं असू शकतं. रेखाटनं जमवणारे शौकीन तेव्हाही होते.

पाचवी पायरी: रान

नाटकाचा रंगमंच आठवा. दोन्ही बाजूंना विंगा, मध्ये खेळ, मागे पडदा. पुढे एका कडेला मोठं गडद झाड, बहुतेक वेळा वाकडं, मुळं उघडी पडलेली. ती विंग. मधल्या उजेडाच्या पट्ट्यात शिकार. मागे इतक्या फिक्या रेघांत टेकड्या, की कागदच संपला की काय असं वाटावं. पुढच्या झाडाला शाई घट्ट, मागच्याला पाणी घातलेली. खोली दाखवायचा हा सगळा खेळ एका दौतीचा आणि एका पाण्याच्या वाटीचा आहे.

उजेड मात्र शाईचा नाहीच. तो म्हणजे न रंगवलेला कागद. घोड्याच्या पाठीवर ऊन पडलंय असं वाटतं तिथे चित्रकारानं काहीही केलेलं नाही, फक्त हात आवरलाय.

पानांचा गठ्ठा जवळून बघा. फ्लँडर्सकडच्या चित्रकारांची पानं म्हणजे मराठी ३ च्या आकड्याची माळ: ३३३, भराभर, हात न उचलता. प्रत्येकाचा ३ वेगळा. कुणाचा गोल, कुणाचा टोकदार. जाणकार हात ओळखतात ते बरेचदा अशा पानांवरून, चेहऱ्यांवरून नव्हे.

रान असं आतून, झाडांच्या मधोमध उभं राहून बघायची चाल सोळाव्या शतकाच्या शेवटी गिलिस फान कोनिंक्सलो (१५४४–१६०७) या अँटवर्पच्या चित्रकारानं रुजवली. त्याआधी चित्रकार बहुधा डोंगरावरून खाली बघायचा. धार्मिक छळामुळे कोनिंक्सलोनं गाव सोडलं, काही वर्षं जर्मनीतल्या फ्रँकेनटाल इथे काढली आणि शेवटी तो ॲमस्टरडॅमला स्थिरावला. रुलांट साव्हरी (१५७६–१६३९) याला तर सम्राट रुडॉल्फ दुसरा यानं प्रागहून आल्प्समधल्या टिरोलच्या डोंगरांत निसर्ग चितारायलाच पाठवलं होतं. त्याच्या झाडांच्या मोडक्या बुंध्यांत ते डोंगर दिसतात.

सहावी पायरी: आता हरीण

आधी जनावर नक्की करा. फांद्याफांद्यांची गोल शिंगं असतील तर ते युरोपचं तांबडं हरीण. आपल्या सांबराच्या शिंगाला सहसा तीन टोकं, याच्या दोन्ही शिंगांची मिळून दहा-बारा सहज होतात. शिंगं पंज्यासारखी चपटी असतील तर फॅलो हरीण. मराठी मजकुरात याला सरसकट ‘काळवीट’ म्हटलेलं वाचलंय. काळवीट भारतीय उपखंडातलं, त्याला त्या रानात आणू नका. रानडुक्कर असेल तर भाल्याच्या पात्याखाली आडवी दांडी शोधा. भाला लागलेलं डुक्कर तसंच पुढे रेटत माणसापर्यंत पोचू नये म्हणून ती असते.

मग शिकार कुठवर आलीय ते बघा. फ्रान्सच्या दरबारी पद्धतीत क्रम ठरलेला: पहाटे एक माणूस दोरीला बांधलेलं वासाचं कुत्रं घेऊन पायी माग काढतो, मग कुत्र्यांच्या टोळ्या सोडून घोड्यांवरून पाठलाग, दमलेलं हरीण पाण्यात शिरून उलटं फिरतं, मग शेवट, आणि नंतर कुत्र्यांचा वाटा. बरोक चित्रकाराला सगळ्यात आवडतो तो हरीण उलटं फिरण्याचा क्षण. सगळ्या रेषा तिरक्या धावत एका बिंदूवर येतात आणि अडतात.

जर्मन दरबारांची आणखी एक तऱ्हा होती. रानाचा तुकडा कापडाच्या उंच पडद्यांनी वेढायचा, गावकऱ्यांना हाक्याला जुंपून जनावरं त्यात कोंडायची, आणि राजेसाहेबांनी मांडवात बसून गोळ्या घालायच्या. चित्रात झाडांमागे ताणलेलं कापड आणि खांब दिसले तर ते हेच. मला ही शिकार वाटतच नाही, पण चित्रकारानं ते कापडही तितक्याच मन लावून काढलेलं असतं. कडेला पायी पळणारी, जाळी वाहणारी माणसं दिसतील तीही बघा. हरणावर हात टाकायचा हक्क त्यांना नव्हता, त्यांच्या शेतातून घोडे जायचे ते मात्र त्यांनी बघायचं.

काळ ताडायला कपडे मदत करतात. गळ्याभोवती चुणीदार पांढरी चकती असेल तर सतराव्या शतकाची सुरुवात, तीन कोपऱ्यांची टोपी असेल तर त्या शतकाचा शेवट किंवा अठरावं शतक. शिंगाचंही तसंच: कमरेला लटकणारं छोटं वाकडं शिंग जुनं, अंगाभोवती घालायचं मोठं वेटोळ्याचं पितळी शिंग सतराव्या शतकाच्या शेवटच्या काळात पसरलं.

आणि हरणाच्या शिंगांच्या मध्ये क्रूस आहे का? असेल तर ही शिकार नाहीच. ती संत ह्युबर्ट किंवा संत युस्टेस यांची कथा आहे, म्हणून तर स्वार घोड्यावरून उतरून गुडघ्यावर बसलाय. हरणाचं डोकं आणि माणसाचं अंग असेल, कुत्री त्याच्याच अंगावर धावत असतील, तर तो ग्रीक पुराणातला शिकारी ॲक्टिऑन: डायना देवीला आंघोळ करताना पाहिलं आणि शाप भोवला. डुकराच्या शिकारीत धनुष्य घेतलेली बाई दिसली तर मेलिएगर आणि अटलांटा यांची ग्रीक कथा. कथा ओळखायला चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

शेवटी पाटी

म्युझियमची पाटी सगळं बघून झाल्यावर वाचा. ‘अमुकच्या नावे’, ‘अमुकच्या वर्तुळातला’, ‘अमुकवरून’ या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तज्ज्ञांना बरीचशी खात्री, दुसऱ्यात आसपासचा कुणीतरी, तिसऱ्यात सरळ नक्कल. कागदावर खाली कुणाचं तरी मोठं नाव लिहिलेलं असेल तर त्याची शाई चित्राच्या शाईशी ताडून बघा. पुष्कळदा ते नंतरच्या मालकानं किंवा विक्रेत्यानं ठोकून दिलेलं असतं. कोपऱ्यातला छोटा शिक्का मात्र मोलाचा. तो संग्राहकाचा. लंडनमधला दरबारी चित्रकार पीटर लेली १६८० मध्ये वारला, तेव्हा त्याच्या संग्रहातल्या कागदांवर ‘पीएल’ असा शिक्का मारला गेला. असे शिक्के फ्रिट्स लुख्ट यानं १९२१ मध्ये ग्रंथात एकत्र केले. ती सूची आता संगणकावर फुकट चाळता येते.

सुरुवात घरबसल्या करायची तर ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवर भरपूर मोठ्या प्रतिमा आहेत. पण लंडन, व्हिएन्ना, बर्लिन इथे राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मंडळींनी एक संधी सोडू नये. शाईची चित्रं उजेडानं खराब होतात म्हणून ती भिंतीवर क्वचित असतात, असली तरी मंद उजेडात आणि थोडेच महिने. बाकीचा वेळ पेटीत. ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी आधी वेळ ठरवून अभ्यासिकेत ती पेटी मागवता येते. ओळखपत्र न्या, हात धुऊन जा, पेन बाहेर ठेवा, आत फक्त पेन्सिल चालते. कागद समोर आला की लगेच फोटो काढू नका. आधी आकाश, मग कुत्रा. आणि निघण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, मागची बाजू बघता येईल का. काळजी घेऊन तेच उलटवून दाखवतात. पुढच्या बाजूला हरीण होतं, तिथे मागून फक्त शाईनं खाल्लेल्या जागा दिसतात, तपकिरी, आणि उलट्या.